आडोशाच्या भाषा

घोलवडच्या वाडीत दुपारी जाग आली ती दोन म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यानं. एक व्हरांड्यात बसलेली, दुसरी विहिरीपलीकडच्या घराच्या पायरीवर, आणि दोघींच्या मध्ये चिकूची दाट झाडं. एकमेकी दिसत नव्हत्या म्हणून दोघीही आवाज चढवून बोलत होत्या. मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. गुजराती नव्हती. पुण्यात काही काळ फारसीच्या वर्गाला गेल्यामुळे कान थोडा तयार होता, पण फारसीही नव्हती; एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि हाताला लागायच्या आत निसटायचा. पलीकडे टाकीवर वारली बायका चिकू धूत होत्या, त्यांचं त्यांच्या बोलीत वेगळंच काही चाललं होतं. तोडलेल्या देठाच्या चिकाचा आणि भिजलेल्या सालींचा गोडसर मातकट वास खोलीत आला होता. बाहेर आले तर घरातली नात झोपाळ्यावर बसलेली, कॉलेजातून सुट्टीला आलेली. तिला विचारलं, आजी कोणत्या भाषेत बोलतायत? "दरी," ती म्हणाली, "पण ती आजीची भाषा. आमची नाही."

सहज बोलली. त्यात खंत नव्हती, तुच्छताही नव्हती. एखाद्या घरात आजीचा पलंग आजीचा असतो तितक्या सरळपणे तिनं ते सांगितलं. तरी ते वाक्य माझ्याबरोबर परतीच्या गाडीत चढलं. डहाणू गेलं, पालघर गेलं, वैतरणेचा पूल गेला, तरी ते उतरलं नाही. एक कारण मला माहीत होतं. माझं आजोळ वसईतलं. आजी वाडवळी बोलायची, आई आमच्याशी शाळेतली मराठी बोलायची, आणि बाहेरचं कुणी ओटीवर आलं की आजीसुद्धा चाचरत शाळेतल्या मराठीवर यायची. तिची खरी भाषा स्वयंपाकघरात आणि मागच्या दारी. मला ती सगळी समजते. बोलता येत नाही. माझ्या मुलाला समजतही नाही. त्या मुलीनं जे वाक्य उच्चारलं ते आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही, पण घडलं तेच.

संध्याकाळी ती आजी माझ्याशी बोलायला बसली होती. तिचे वडील इराणातल्या यझ्द शहराजवळच्या एका खेड्यातून तरुणपणी मुंबईला आले, मग इकडे वाडीवर. तिनं स्वतः यझ्द कधी पाहिलं नाही. दरीबद्दल विचारलं तेव्हा ती गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "तिकडे आमाला लपायचं होतं, म्हणून ही बोलायचे. इकडे लपायचं कोनापासून?" आणि पदराच्या टोकानं चष्मा पुसायला लागली.

यझ्दमधल्या जरथुश्त्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, वस्तीच्या जुन्या घरांबद्दल मी पूर्वी वाचलं होतं. त्या बोलण्यानंतर पुन्हा वाचलं तेव्हा ते वेगळं दिसलं. मातीच्या बोळात उघडणारी ठेंगणी, अरुंद दारं. घोडेस्वाराला आत शिरता येऊ नये, आणि माणसालाही वाकूनच यावं लागावं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या जरथुश्त्र्यांना जिझिया भरावा लागे. मुसलमानासमोर जनावरावर बसून जायची सोय नव्हती, कपड्याचा रंग ठरलेला होता, घराची भिंत किती उंच असावी हेही ठरलेलं होतं. त्या काळी यझ्दमध्ये राहिलेल्या एका इंग्रज मिशनऱ्यानं नोंदवून ठेवलंय की 1895पर्यंत त्यांना छत्री धरायची बंदी होती, आणि चष्मा लावायचीही. यझ्द वाळवंटाच्या काठावर आहे. तिथल्या उन्हात छत्री नाकारणं म्हणजे काय, हे कळायला फार कल्पना लढवावी लागत नाही. मुंबईच्या पारशी मंडळींनी माणेकजी लिमजी हातरिया यांना 1854 मध्ये इराणला पाठवलं. त्यांनी जवळजवळ तीन दशकं खटपट केली आणि 1882 मध्ये शाहानं जिझिया रद्द केला. आपल्याकडचे इराणी, म्हणजे पारशांच्या नंतर कित्येक शतकांनी आलेले जरथुश्त्री, बहुतेक त्या काळातले आणि त्यानंतरचे. यझ्द आणि केरमानच्या खेड्यांतून दुष्काळ, कर आणि अपमान मागे टाकून आलेली माणसं.

त्या ठेंगण्या दारांच्या आत जी भाषा बोलली जायची ती दरी. अफगाणिस्तानात फारसीला दरी म्हणतात, तिच्याशी हिचा संबंध फक्त नावाचा. फारसी मूळची इराणच्या नैऋत्येची, पार्स प्रांताची भाषा. ही जरथुश्त्र्यांची दरी मध्य इराणच्या जुन्या बोलींच्या घराण्यातली, फारसीची मुलगी नव्हे, चुलत बहीण. ती लिहिली जात नाही. गावागणिक बदलते, यझ्दजवळच्या एका गावातलं बोलणं केरमानच्या माणसाला जड जातं. आणि परक्यासमोर ती बोलायची नाही असा दंडकच होता. परका आला की फारसी. मेरी बॉइस या अभ्यासक बाई, जन्मानं दार्जिलिंगच्या, 1963-64 मध्ये यझ्दच्या मैदानातल्या शरीफाबाद गावी एका जरथुश्त्री शेतकरी कुटुंबात राहिल्या. धर्मग्रंथांच्या पानांत वर्षानुवर्षं शोधलेल्या गोष्टी त्यांना तिथल्या चुलीपाशी, विहिरीपाशी, कुत्र्याला आधी घास घालण्याच्या रीतीत चालू असलेल्या दिसल्या. एरवीच्या इराणात जे विरलं होतं ते त्या कोपऱ्यात टिकलं होतं. कोपरा होता म्हणूनच.

इथून माझ्या डोक्यात एक विचार सुरू झाला आणि तो मला आवडला नाही. पण आवडत नाही म्हणून तो जाईना.

इस्फहानचं उदाहरण घेते. शाह अब्बासाची राजधानी, निळ्या घुमटांचं शहर. आज तिथे सगळीकडे फारसी बोलली जाते, पण पूर्वी तिथली स्थानिक बोली वेगळी होती, त्या मध्य इराणी बोलींपैकीच. शहर मोठं झालं, दरबार आला, बाजार वाढला आणि शहरानं आपली बोली सोडून दरबाराची भाषा धरली. ती जुनी बोली राहिली कुणाकडे? जुबारे मोहल्ल्यातल्या यहुद्यांकडे. त्यांना वेगळं राहावं लागे, बाजारात त्यांच्याशी व्यवहार जपून होत, आणि त्यामुळे शहर बदललं तेव्हा ते बदलातून वगळले गेले. काशान, हमदान इथेही असंच झालं. म्हणजे ज्यांना शहरानं कधी पुरतं आपलं मानलं नाही त्यांच्याच तोंडी शहराची जुनी वाणी उरली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभी राहिले होते.

आपण इराणी म्हटलं की फारसीच डोळ्यांपुढे आणतो. आपल्यापर्यंत तीच आली. दरबारातून, दप्तरातून, बखरीतून, आणि मग स्वयंपाकघरात. पण हे घराणं फार मोठं. कुर्दी, पश्तो, बलुची. कॅस्पियनच्या भाताच्या शेतांतली गिलकी आणि माझंदरानी. पामीरच्या खोऱ्याखोऱ्यांतल्या शुघ्नी आणि वखी. आणि पार तिकडे कॉकेशसच्या डोंगरात ओसेती. इराण नावाच्या देशाच्या हद्दीशी या घराण्याचा मेळ बसत नाही. त्यातल्या एका भाषेला राज्य मिळालं, लिपी मिळाली, कवी मिळाले, ती समरकंदपासून दख्खनपर्यंत पसरली. बाकीच्यांच्या वाट्याला दऱ्या आणि मागची दारं आली.

इराणातला बेहिस्तूनचा कडा आठवतो. दारयवहूनं, म्हणजे प्राचीन इराणच्या पहिल्या दारियस बादशहानं, ख्रिस्तपूर्व 520च्या सुमारास तिथे आपला पराक्रम तीन भाषांत कोरून घेतला. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यातला हेन्री रॉलिन्सन हा अधिकारी 1835 पासून तो लेख उतरवायच्या मागे लागला. जुन्या फारसीतला मजकूर त्यानं स्वतः शिडी लावून उतरवला. बाबिली मजकूर मात्र अशा अवघड टप्प्यावर होता की तिथले डोंगर चढणारेही नको म्हणाले. 1847 मध्ये एक कुर्द मुलगा तयार झाला. कड्याच्या भेगांत बोटं रोवत, खुंट्या ठोकत तो त्या गुळगुळीत दगडावरून पलीकडे गेला, दोराच्या पाळण्यात लटकून त्यानं ओला कागद अक्षरांवर दाबून ठसे घेतले. त्या ठशांमुळे पुढे बाबिली लिपीचं कोडं सुटायला मदत झाली. मुलाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. घरी तो आईशी दारयवहूच्या भाषेच्या भावकीतलीच एक भाषा बोलत असणार. राजाच्या नावाचा उच्चार काय होता यावर विद्वानांनी आयुष्यं घालवली, आणि ज्याच्या बोटांनी ती अक्षरं चाचपली त्याला हाक कशी मारायची हे आपल्याला ठाऊक नाही.

पण राज्य किंवा पैसा असला म्हणजे भाषा जगते, असंही नाही. याच घराण्यातल्या, मध्य आशियातल्या सोग्दी भाषेचं तेच झालं. समरकंद, बुखारा, पंजिकेंत ही सोग्दी लोकांची शहरं. चीनपासून कॉकेशसच्या पलीकडपर्यंत रेशीम, कस्तुरी, चांदी यांचा व्यापार कित्येक शतकं त्यांच्या हातात होता, आणि त्यामुळे त्यांची भाषा त्या साऱ्या वाटेवर चालायची. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात, शतियाल इथे, वाटेतल्या दगडांवर सोग्दी व्यापाऱ्यांनी कोरलेली नावं शेकड्यांनी सापडली आहेत. 1907 मध्ये संशोधक ऑरेल स्टाइन यांना वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात कागदाची पत्रं सापडली. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, 313च्या आसपासची. टपालाची थैली असावी. कुठेही न पोचलेली.

त्यातली दोन पत्रं मिवनाय नावाच्या बाईची आहेत. एक आईला, एक नवऱ्याला. नवरा तिला दुनहुआंगला आणून तिथेच सोडून गेला होता. ती मदतीसाठी एकेका माणसाकडे जाते. वस्तीचा कारभारी, नवऱ्याचे नातेवाईक, ओळखीचे. आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नवऱ्याला ती लिहिते की आईचं आणि भावांचं न ऐकता मी तुझं ऐकून इथे आले, त्या दिवशी देव माझ्यावर कोपले असणार. तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची झाले असते तर बरं. सतराशे वर्षं होऊन गेली तरी तो संताप निवलेला नाही. मी हे पत्र कितीदा वाचलं असेल, दर वेळी मला तिची बाजू घेऊन कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. पत्राच्या शेवटी तिची मुलगी शायन हिच्या काही ओळी आहेत. कर्ज करून एक नातलग पळून गेला, त्याच्यापायी मी आणि आई चिन्यांच्या घरी चाकर झालो, असं ती बापाला कळवते. भाषेच्या अभ्यासकांसाठी ही पत्रं म्हणजे सोग्दीचा फार जुना आणि मोलाचा ठेवा. मला त्यांत ती मुलगीच दिसते. ती चाकरीच्या घरात मोठी झाली असेल. तिच्या मुलांना आजीची भाषा आली असेल का?

पुढे अरब आले. पंजिकेंतचा शेवटचा सोग्दी राजा देवाश्तीच आपली माणसं घेऊन झरफशानच्या वरच्या अंगाला मुग डोंगरावरच्या गढीत जाऊन बसला. 722 मध्ये तो पकडला गेला आणि मारला गेला. त्याचं दप्तर तिथेच राहिलं. 1932 मध्ये मेंढपाळांना त्या ढिगाऱ्यात एक टोपली सापडली, तिच्यातल्या कागदावर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. मग उत्खनन झालं आणि पत्रं, हिशेब, पावत्या निघाल्या. त्यात 710 सालचा एक लग्नाचा करारही आहे, कातड्यावर लिहिलेला. नवऱ्यानं बायकोला मानानं ठेवावं, तिच्या संमतीवाचून दुसरी बाई आणू नये, आणली तर दंड भरावा, आणि बायकोला नांदायचं नसेल तर तिनं आपलं स्त्रीधन घेऊन जावं. मिवनायला असा कागद मिळाला असता तर, असं मनात आलंच.

सोग्दी शहरं राहिली, पण त्यांनी भाषा बदलली. बुखारा-समरकंदचे लोक फारसी बोलू लागले, पुढे तुर्कीही. अकराव्या शतकापर्यंत सोग्दी शहरांतून जवळजवळ नाहीशी झाली. जिला व्यापाराचा एवढा मोठा पल्ला होता ती भाषा व्यापारानंच संपवली म्हणायला हरकत नाही; गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल तीत बोलायची व्यापाऱ्याची सवय अखेर घरात आली. आणि तरी ती पुरती संपली नाही. आजच्या ताजिकिस्तानात, झरफशानच्या दक्षिणेला, हिस्सारच्या रांगांच्या पोटात यग्नोब नदीचं खोरं आहे. वर्षातले सहा-सहा महिने बर्फानं बंद. तिथल्या मूठभर खेड्यांत एक बोली टिकून होती, सोग्दीच्याच कुळातली. समरकंदच्या लिखित सोग्दीची थेट लेक नसेल, पण तिच्या सख्ख्या बहिणीची नक्की. बाजार संपले, काफिले संपले, राजवाड्यांच्या भिंतींवरची चित्रं मातीखाली गेली, आणि भाषा उरली बटाटे लावणाऱ्या नि बकऱ्या चारणाऱ्या लोकांकडे. कारण त्यांच्यापर्यंत जायला धड वाट नव्हती.

ओसेतींचं वेगळं नाही. त्यांचे पूर्वज अलान. काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ मैदानातले घोडेस्वार. त्यांच्यातले काही जण व्हँडल या जर्मानिक टोळीबरोबर 406 साली ऱ्हाईन ओलांडून थेट उत्तर आफ्रिकेपर्यंत गेले आणि व्हँडल राजे स्वतःला अलानांचेही राजे म्हणवू लागले. एवढ्या लांब पसरलेल्यांपैकी कुणाची भाषा राहिली? आफ्रिकेतल्यांची नाही, युरोपातल्यांची नाही, मंगोलांनी पहारेकरी म्हणून चीनला नेलेल्यांची नाही. तेराव्या शतकात मंगोल आणि चौदाव्याच्या अखेरीस तैमूर यांच्या तडाख्यातून सुटून जे कॉकेशसच्या अरुंद खिंडींत चढले त्यांची राहिली. अलानांचीच एक शाखा हंगेरीत जाऊन स्थायिक झाली होती, यास लोक. त्यांच्या भाषेची आठवण म्हणून एकच कागद आहे: 1422 सालचा, मागच्या बाजूला चाळीसेक शब्द कुणीतरी अर्थासकट लिहून ठेवलेले. 1957 मध्ये तो बुडापेस्टच्या दप्तरखान्यात हाती लागला. सुरुवातीलाच भेटल्यावर म्हणायची शुभेच्छा आहे, पुढे खाण्यापिण्याच्या वस्तू, जनावरं. आजच्या ओसेती माणसाला ती शुभेच्छा ऐकवली तर तो उत्तर देईल, इतकी ती त्याची आहे. हंगेरीत मात्र सुपीक जमीन होती, राजाची मर्जी होती, सवलती होत्या. यास लोक तिथे सुखानं राहिले आणि काही पिढ्यांत हंगेरियन झाले.

तो न आवडणारा विचार हाच. भाषा टिकली ती भिंतीआड, बर्फाआड, भीतीआड. जिथे दार उघडलं तिथे ती बाहेर पडून गेली. मग त्या घोलवडच्या मुलीला काय सांगायचं? तुझ्या आजीची भाषा जगावी म्हणून कुणीतरी छत्रीवर बंदी घालायला हवी होती? दरी हरवते याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ज्या कारणानं ती इतकी शतकं टिकली ते कारण संपलं याचा तितकाच मनापासून आनंद होतो. दोन्ही एकदम वाटतं. एकानं दुसऱ्याची वजाबाकी होत नाही.

आणि हा किनारा तर अशा सोडून दिलेल्या भाषांनीच भरलेला आहे. घोलवडवरून वर गेलं की बोर्डी, उंबरगाव आणि मग संजाण, जिथे पारशी उतरले. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या गुंफांमध्ये बारा वर्षं लपवून ठेवला, अशी परंपरा आहे. तोच अग्नी आज उदवाड्याला आहे. त्यांनी अग्नी जपला, मंत्र पाठ ठेवले, भाषा मात्र या मातीची घेतली. आणि ती अशी घेतली की पारशी गुजराती ही स्वतःच एक लाडकी बोली झाली. त्याही आधीची गोष्ट नाशिकच्या पांडवलेण्यात कोरलेली आहे. क्षहरात कुळातल्या नहपान राजाचा जावई उषवदात, दीनिकाचा मुलगा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. तिथल्या लेखांत तो शक म्हणवला गेलाय, आणि शक म्हणजे याच इराणी कुळातले, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले. लेखात त्याच्या दानांची यादी आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहनुका या नद्यांवर त्यानं लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या. डाहनुका म्हणजे आपली डहाणूची खाडी. नानंगोल गावी 32,000 नारळाची झाडं दान दिली; ते गाव संजाणजवळचं नारगोल असावं, असं अभ्यासक मानतात. चिकूच्या वाड्यांच्या अठराशे वर्षं आधी एका इराणी वंशाच्या माणसाची नारळाची वाडी याच पट्ट्यात होती, हे वाचून मी हरखले होते. पण लेख आहे संस्कृतमिश्रित प्राकृतात. त्याच्या आजीची भाषा त्यात नाही. गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरातांचा वंश नि:शेष केला असं तिथल्याच दुसऱ्या लेण्यात अभिमानानं सांगितलंय. जोगळटेंभीला 1906 मध्ये सापडलेल्या 13,000हून अधिक नाण्यांत नहपानाच्या चेहऱ्यावर सातकर्णीचा छाप मारलेली नाणी हजारोंनी आहेत. मला वाटतं, भाषा त्याच्याही आधीच गेली असणार. ज्या माणसाला डहाणूच्या खाडीवर नाव ठेवावीशी वाटली तो मनानं इथला झालेला होता. त्याला मी कुठल्या तोंडानं दोष देऊ?

नुसता छळ भाषेला जगवतो असं म्हणण्याच्या मी जवळ आले होते, आणि तिथे कुर्दी लोक आडवे येतात. तुर्कस्तानात 1983 साली कायदाच केला की कुर्दीत काही छापायचं, सांगायचं, प्रसारित करायचं नाही. 1991 पर्यंत तो होता, आणि त्याच्या आधीही परिस्थिती बरी नव्हती. त्या दडपणानं भाषा टिकली नाही, फाटली; कित्येक घरांत आईबापांनी मुलांशी कुर्दी बोलणं थांबवलं, शाळेत मार नको म्हणून, नोकरीत अडचण नको म्हणून. जे टिकलं ते लोकांनी हट्टानं टिकवलं. 1955 पासून सोव्हिएत आर्मेनियातलं येरेवान रेडिओ कुर्दीत कार्यक्रम करायचं. तुर्कस्तानातल्या खेड्यांत लोक दारं लावून, आवाज बारीक करून ते ऐकत. देंगबेज, म्हणजे पाठांतरानं तासन् तास गाणारे त्यांचे शाहीर, एखाद्याच्या घरी रात्री बसत, आणि एक माणूस बाहेर पाळतीवर. म्हणजे आडोसा आपोआप मिळाला नव्हता. रोज नव्यानं उभा करायला लागत होता. यझ्दच्या बायकांचंही तसंच असेल, हे मग लक्षात आलं. ठेंगण्या दारानं दरी जपली नाही. दार लावून आत जी आई मुलाशी दरीत बोलली तिनं जपली. बाहेर फारसी बोलून दमून आल्यावर ती घरातही फारसी बोलू शकली असती.

यग्नोबच्या खोऱ्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. 1970 मध्ये सोव्हिएत सरकारनं ते रिकामं केलं. कारण दिलं हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचं. खरी गरज होती कापसाच्या शेतांना मजुरांची. हेलिकॉप्टरं आली, माणसं बसवली आणि उत्तरेच्या झफराबादच्या तापल्या सपाटीवर नेऊन उतरवली. डोंगराच्या थंड हवेत वाढलेली म्हातारी माणसं आणि लहान मुलं तिथल्या उष्म्यानं नि रोगराईनं गेली. मागे काही गावांतली घरं पाडून टाकली, परत यायला छप्पर राहू नये म्हणून. तरी काही जण चालत परतले, पुन्हा आणले गेले. 1983 पासून काही कुटुंबं कायमची परतू शकली. आज वर खोऱ्यात काहीशेच लोक असतात.

माझ्या हिशेबानं ही भाषा झफराबादला संपायला हवी होती. बर्फ गेला, खोरं गेलं, आडोसा गेला; चहूकडे ताजिक आणि उझबेक, शाळा ताजिकमध्ये, काम कापसात. पण यग्नोबी बोलणारे आज हजारोंनी आहेत आणि त्यांतले बहुतेक खोऱ्यात नाहीत, खाली सपाटीवर आहेत, झफराबादला आणि दुशान्बेच्या आसपास. सक्तीनं जिथे आणून टाकलं तिथे ते शेजारी शेजारी राहिले, मुलींची लग्नं आपल्यात केली, घरात तीच भाषा ठेवली. 1989च्या ताजिकिस्तानच्या भाषाविषयक कायद्यात यग्नोबीचा उल्लेख आला. त्यांच्यातल्याच अभ्यासकांनी शब्दकोश केला, मुलांसाठी वाचनाची पुस्तकं केली. जी भाषा पिढ्यान् पिढ्या बिनअक्षराची होती ती कापसाच्या सपाटीवर येऊन लिहिली जाऊ लागली. ती पुढे किती टिकेल, ताजिकपुढे किती झुकेल, हा वेगळा प्रश्न आहे, आणि काळजी वाटावी असाच आहे. पण माझा तो डोंगर-बर्फ-भीतीचा सिद्धान्त त्या बायकांनी झफराबादला खोटा पाडलाय, आणि तो खोटा पडला याचं मला जे समाधान आहे ते सांगता येणार नाही इतकं मोठं आहे. गेल्या रविवारी आईला फोन केला तेव्हा मी वाडवळीत सुरुवात केली. क्रियापदं सगळी चुकली. तिनं क्षणभर काही न बोलता ऐकलं आणि मग ती जी बोलायला लागली ती तिच्या आईच्या लयीत, इतकी भराभर की मला दोनदा थांबवून विचारावं लागलं. मुलगा बाजूला बसला होता. म्हणाला, "पुन्हा सांग, काय म्हणाली आजी?"